सूत्रं द्या, रीळ आपल्याकडं ठेवा

भाऊ, तुमचा अमृतमहोत्सव होऊन तीन वर्षं झाली, गुडघ्याचं ऑपरेशनही झालं. आणि परवा, कायद्यानं समाजकार्यावर खर्चायच्या नफ्यातल्या दोन टक्क्यांतून आपल्याला निधी देणाऱ्या कंपनीच्या बाईंनी विचारलंच, "सर, तुमच्यानंतर कोण?" तुम्ही हसून "परमेश्वर" म्हणालात, पण बाईंनी ते फॉर्मात लिहून घेतलं नाही. म्हणजे आता निवृत्त व्हावं लागणार. घाबरू नका. बेघर पोरांची संस्था चाळीस वर्षं चालवलेल्या माणसाला निवृत्ती जड नाही. नीट बेतली तर ती आणखी दहा वर्षं पुरते.

आधी मुहूर्त. घोषणा १७ सप्टेंबरला, झेंडावंदनानंतर करा. देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला. रझाकारांचा जाच सोसत तेरा महिने काढलेल्या मुलखात कुणी तुम्हाला उशीर का झाला म्हणून विचारणार नाही. "आता तरुणांनी पुढं यावं" असं म्हणा आणि माइक हातातच धरून ठेवा. मागून एखादा विश्वस्त उठतो, "भाऊ, असं कसं करायलाव? आम्ही कुणाकडं बघावं?" तो आपणहून उठेल याचा भरवसा नसेल तर आदल्या रात्री फोन करून ठेवा. मग डोळे पुसा. पुढच्या वर्षी हीच घोषणा परत करता येते.

नव्या संचालकासाठी जाहिरात द्यायची असेल तर जरूर द्या. त्यात "निर्णयक्षम" हा शब्द असू द्या, तो काही मनावर घ्यायचा नसतो. तुळजापूरला समाजकार्य शिकवणाऱ्या टाटा इन्स्टिट्यूटचं आवार आहे, तिथं शिकलेली एखादी पोरगी अर्ज करील. ती मुलाखतीत उलट तुम्हालाच विचारील, "मागच्या पाच वर्षांत १८ पूर्ण होऊन बाहेर पडलेली मुलं आज कुठं आहेत?" अशा वेळी अल्बम काढा. एक फौजदार झाला, एक पुण्यात इंजिनिअर आहे, ते दोन फोटो दाखवा. बाकीच्यांचं विचारलं तर चहा मागवा. पगाराचा विषय निघायच्या आत "आमची संस्था म्हणजे एक कुटुंब आहे" हे वाक्य टाका. कुटुंबात पगार कुणी मागत नाही आणि खजिनदार पुतण्याच का, हेही आपोआप कळतं.

खरी पंचाईत वेगळीच आहे. ती तुमच्या ऑफिसात रोज सकाळी सातला येऊन कुलूप काढते.

तो नऊ वर्षांचा असताना परभणी स्टेशनावर उतरला होता. बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्याच्या बाबतीत ती म्हण शब्दशः खरी ठरली. आईबाप ऊसतोडीला गेले ते परत आले की नाही, हे त्याला आजही धड सांगता येत नाही. तुम्ही त्याला शिकवलं, मग अधीक्षकाच्या हाताखाली ठेवलं. आज कुठल्या पुलाखाली कोण झोपतं, कुठल्या पोराच्या रुमालाला नशेसाठी हुंगायच्या सोल्युशनचा वास येतो, कुठला हवालदार आधी हाणतो आणि कुठला आधी पाणी देतो, हे जिल्ह्यात त्याच्याएवढं कुणाला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, पण हे कार्यक्रमात बोलू नका.

त्याचं नाव कुणी सुचवलंच तर काय करायचं? फ्लेक्सवर त्याचा फोटो मोठा छापा, खाली "आपल्याच लेकरांतून घडलेलं नेतृत्व". कार्यकारी मंडळात त्याला निमंत्रित म्हणून बसवा. निमंत्रिताला बिस्कीट असतं, मत नसतं. आणि हळूच म्हणा, "गुणी आहे, पण अजून लहान आहे हो." तो ३४ चा आहे, त्याला दोन पोरी आहेत, कानाशेजारचे केस पांढरे झालेत. तरी विश्वस्त माना डोलावतात, कारण त्यांनी त्याला हाफ चड्डीत पाहिलेलं असतं.

याच पोराला तो १८ चा झाला त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात, ते तेवढं कुणाला आठवू नये म्हणजे झालं. "आता तू मोठा झालास. स्वतःच्या पायावर उभा राहा." कायदाही तुमच्याच बाजूचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं १८ पर्यंतच बालक. पुढं अनुरक्षण गृहात जागा मिळाली तर २१ पर्यंत, आणि फारच अडचण असली तर २३. बेघर पोरानं कधी निघायचं, हे सरकारनं असं वर्षांत मोजून दिलंय. संस्थापकानं कधी निघायचं, याबद्दल हा कायदा मौन पाळून आहे. त्याचा मान राखा.

आता समजा, कंपनीचा रेटा फारच वाढला आणि तुळजापूरवाल्या बाईंना संचालक नेमावंच लागलं. नेमा. पेढे वाटा. ठराव इतिवृत्तात लिहा, फक्त चेंज रिपोर्टची घाई करू नका. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम २२ म्हणतं, विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवा. तुमच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, अजून ज्या पाच जणांची नावं आहेत, त्यांतल्या दोघांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं. ते आजवर कधी तक्रार करायला आले का? मग नव्यांनाही थोडा दम धरता येईल. बँकेतली सही तुमची, लेटरहेडचं पॅड तुमच्या बॅगेत, शिक्का माईंच्या कपाटात. बाईंना टेबल द्या. टेबल चांगलं द्या.

सहीची गंमत तुम्हाला माहीतच आहे. राज्यानं २०१८ साली शिक्षणात आणि नोकरीत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवलं. त्याला महिला व बालविकास विभागाचं प्रमाणपत्र लागतं, त्या फाइलला संस्थेचं पत्र लागतं, आणि पत्राला तुम्ही लागता. तुम्ही नांदेडला सत्काराला गेलेले असता. पोरगं तीन दिवस पायरीवर बसतं. बाई म्हणतात, मी सही करते. क्लार्क म्हणतो, चालत नाही मॅडम. फॉर्मची तारीख उलटते. तुम्ही शाल घेऊन परत येता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणता, "पुढच्या वर्षी बघू." असा हात ठेवणं नव्या लोकांना जमत नाही, हे विश्वस्तांना आवर्जून सांगा.

मोबाइल नंबर मात्र काही झालं तरी बदलू नका. पोलीस चौकीच्या भिंतीवर, रेल्वे पोलिसांच्या वहीत, बाल कल्याण समितीच्या रजिस्टरात, सगळीकडं तुमचाच नंबर आहे. रात्री साडेअकराला फोन येतो, गाडीतून एक पोरगं उतरवलंय, दहा-अकराचं असेल, नाव सांगत नाही. तुम्ही "बघतो" म्हणा आणि झोपा. प्रवासाचा वेळ सोडला तर २४ तासांच्या आत त्याला समितीपुढं उभं करायचं असतं. सकाळी पूजा, मग पेपर, मग नाष्टा झाला की ग्रुपवर टाका, "काल एक केस आली आहे, संचालकांनी लक्ष घालावे." बारा तास तुमचे, बारा तास त्यांचे; सत्तेचं विकेंद्रीकरण यालाच म्हणतात. तो ३४ वर्षांचा लहान मुलगा रात्रीच स्टेशनावर जाऊन त्या पोराला पोहे चारून, अंगावर स्वतःचं जर्किन घालून शेजारी बसलेला असतो. रेल्वेच्या हमालानं त्याला परस्पर कळवलेलं असतं. त्याला शिस्तीची नोटीस काढायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

शेवटचं राहिलं बसण्याचं. संचालकांची खोली बाईंना दिली, मग तुम्ही कुठं बसणार? तळमजल्यावर कोपऱ्यात तीन खाटांची खोली आहे, १८ पूर्ण झालेल्या पोरांना चार-सहा महिने टेकायला म्हणून केलेली. खिडकी रस्त्याकडं आहे, हवा चांगली येते. दारावर "मार्गदर्शक कक्ष" अशी पितळी पाटी बसेल. सध्या आत एकच जण आहे आणि त्याची मुदत या महिनाअखेर संपते. चाकणला कुठल्याशा कंपनीत कुणी ओळखीचं आहे म्हणतो. खोलीवाला भाड्याच्या आधी गाव विचारतो, हेही म्हणतो. त्याचं ऐकून घ्या. चार्ज द्यायला त्याला पाच मिनिटं पुरतात: गादी, चादर, ताट, कपाटाची किल्ली, वहीत सही.

पेटी दाराबाहेर ठेवली की निघायच्या आधी त्याच्याकडूनच वरच्या मजल्यावरची तुमची खुर्ची खाली आणून घ्या. सागवानी आहे, जड आहे, पण अठराचं पोरगं आहे, एकटं उचलतं.