नागपूरच्या अधिवेशनाला दिवस हवेत

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन रविवारी, 14 डिसेंबर 2025 रोजी संस्थगित झाले. 8 डिसेंबरला सुरू झालेले कामकाज शनिवार-रविवारची सुटी न घेता आठवडाभरात आटोपण्यात आले. तेव्हापासून आमदार म्हणून मला मतदारसंघातून फोन येत आहेत आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, ‘यंदा आपल्या तालुक्याच्या पदरात काय पडले?’ हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मात्र काय मागायचे राहून गेले आणि का, हे सांगितल्याशिवाय माझे उत्तर पुरे होणार नाही.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आहे. शस्त्रक्रियागृह आहे, यंत्रसामग्री आहे. परंतु सिझेरियनची वेळ आली की गरोदर मातेला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. याविषयी मी तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यावयाचा प्रश्न, दिला होता. ‘हे खरे आहे काय’ या भागाला ‘अंशतः खरे आहे’ असे छापील उत्तर आले आणि विलंबाच्या कारणांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिलेले होते. उत्तर असे त्रोटक असले तरी सदस्याच्या हाती उपप्रश्न, म्हणजे त्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारायचा पुढचा प्रश्न, असतो. मंत्र्यांना उभे राहून बोलावे लागते, अधिकारी दीर्घेतून चिठ्ठ्या येऊ लागतात, आणि सभागृहात दिलेला शब्द कार्यवाहीत नोंदला जाऊन त्याचा पाठपुरावा मंत्र्यांच्या आश्वासनांवर लक्ष ठेवणाऱ्या आश्वासन समितीला करता येतो. मात्र माझ्या प्रश्नाचा क्रमांक येण्याआधीच प्रश्नोत्तराचा तास संपला आणि ते छापील उत्तर चर्चेविना जसेच्या तसे सभागृहाच्या पटलावर ठेवले गेले.

अधिवेशनाच्या काळात मोर्चासाठी नागपूरला आलेल्या आमच्या तालुक्यातील एक आशाताई आमदार निवासात भेटल्या. त्यांच्याजवळ शाळकरी वही होती. तीत तारीख, गाव, 108ला फोन केल्याची वेळ आणि रुग्णवाहिका दारात आल्याची वेळ असे रकाने त्यांनी स्वतः आखले होते. एका नोंदीत या दोन वेळांमध्ये जवळजवळ दोन तासांचे अंतर होते. ही वही हाती घेऊन मला उपप्रश्न विचारता आला असता, तर ‘अंशतः’ हे उत्तर टिकले नसते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

नागपुरात दरवर्षी विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन व्हावे आणि शासनाने ठरावीक काळ येथे मुक्काम करावा, ही 1953च्या नागपूर करारातील ग्वाही आहे. त्या ग्वाहीवर विसंबून विदर्भाने मुंबई राजधानी असलेल्या राज्यात येणे स्वीकारले. करोनामुळे 2020 आणि 2021 साली हे अधिवेशन मुंबईत घ्यावे लागले, ते समजण्यासारखे होते. परंतु 2023 मध्ये 7 ते 20 डिसेंबर, 2024 मध्ये 16 ते 21 डिसेंबर आणि 2025 मध्ये 8 ते 14 डिसेंबर, हा क्रम पाहिला म्हणजे कराराचे अक्षर तेवढे पाळले जात आहे आणि त्यामागचा हेतू हरवत चालला आहे, असे मला मनापासून वाटते. त्यात मागास विभागांच्या विकासासाठी घटनेच्या कलम 371 (2) खाली नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. अशा वेळी अनुशेषावर, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या कामांवर, बोलण्याची हक्काची जागा म्हणून या सभागृहाकडेच पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. डिसेंबर 2023च्या अधिवेशनात 55 हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरील जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या रकमेची विभागवार छाननी करायची, तर सदस्यांना मागण्यांचे पुस्तक वाचायला वेळ हवा आणि बोलायलाही हवा. दिवसच कमी असले की अनेक विभागांच्या मागण्यांना दोन-चार भाषणांत मंजुरी मिळते.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. मंत्रालयातील फायली, कर्मचारी, पोलीस बंदोबस्त, निवासव्यवस्था हे सारे नागपूरला हलवण्याचा मोठा खर्च अधिवेशन सात दिवसांचे असो वा एकवीस दिवसांचे, करावाच लागतो. तो एकदा केल्यावर आणखी दोन आठवडे बसण्यासाठी लागणारा पैसा त्या मानाने कितीतरी कमी आहे. हे अधिवेशन म्हणजे आमदारांची हिवाळी सहल अशी टीका होते तेव्हा मला वाईट वाटते. लक्षवेधींसाठी (तातडीच्या विषयांकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनांसाठी) सकाळी लवकर सभागृहात येऊन रात्री उशिरापर्यंत थांबणारे सदस्य सर्व पक्षांत आहेत आणि त्यांचा अभ्यास मी जवळून पाहिला आहे. दिवस वाढवावेत, हे सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरील सहकारी खासगीत मान्य करतात. ते त्यांनी सभागृहात बोलून दाखवावे, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.

पुढील हिवाळी अधिवेशन किमान तीन आठवड्यांचे असावे, अशी लेखी मागणी मी विधानसभेच्या मा. अध्यक्षांकडे आणि सभागृहाचे कामकाज ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीकडे करीत आहे. भूलतज्ज्ञाचा प्रश्न मुंबईतील अर्थसंकल्पीय अधिवेशनात पुन्हा देणार आहे. तालुक्यातील सर्व आशाताईंना आणि ग्रामपंचायत सदस्यांना माझे आवाहन आहे, की आपल्या गावातून बाहेर पाठवाव्या लागलेल्या प्रसूतींच्या तारखा आणि रुग्णवाहिकेच्या वेळा आमच्या संपर्क कार्यालयात पाठवाव्यात. मातांची नावे कळवू नयेत. प्रश्नाची सूचना देण्याची मुदत संपण्यापूर्वी ही माहिती हाती आली, तर प्रश्नाच्या मसुद्यात तिचा समावेश करता येईल.