पवळ्यासाठी नवा गोठा

तुमचं मूल मुळात गुणीच आहे. हे नाकारणारा पालक अजून जन्माला यायचाय, तेव्हा ते गृहीत धरूनच पुढे जाऊ. त्याच्यात जे काही खटकतं, म्हणजे तोंडात बसलेले ते दोन शब्द, दार आपटणं, 'सगळेच असं करतात' हे पालुपद, ते सगळं बाहेरून आलेलं आहे. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण ऐकताना प्रत्येकाला एक गोष्ट न सांगता कळते, की आपला तो पवळ्या. ढवळ्या नेहमी शेजारच्यांचा असतो. ढवळ्याच्या मालकाचं यावर काय म्हणणं आहे, हे म्हणीने विचारलेलं नाही. आपणही विचारायचं कारण नाही.

तेव्हा गोठा बदला.

घर पाहायला जाल तेव्हा पाण्याचा दाब, भिंतीची ओल असल्या किरकोळ गोष्टींत अडकू नका. मुलं खेळायला उतरतात त्या वेळी मैदानालगतच्या बाकावर जाऊन बसा. सोबत वही ठेवा. एका पानावर शिव्या मोजा, दुसऱ्यावर मारामाऱ्या, तिसऱ्यावर घरून हाक आल्यावर 'आलो, पाच मिनिटं' किती वेळा म्हटलं जातं ते. निदान आठवडाभर तरी हे करा. एक अनोळखी माणूस रोज येतो, मुलांकडे टक लावून बघतो आणि वहीत काहीतरी लिहितो, म्हणून कोणी तुम्हाला हटकलं, तर खूश व्हा. वस्ती जागरूक आहे. कोणीच हटकलं नाही, तर तिथे घर घेऊ नका.

घरातून विरोध झाला तर शास्त्र पुढे करा. मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ मध्ये एका लेखात मांडलं, की मुलाचा स्वभाव घडण्यात आईबापांच्या संगोपनापेक्षा बरोबरीच्या मुलांचा वाटा मोठा असतो. पुरावा म्हणून त्या मुलांच्या उच्चारांकडे बोट दाखवत. परक्या देशात जाऊन राहिलेल्या कुटुंबातली मुलं आईबापांचा हेल उचलत नाहीत, सोबत खेळणाऱ्यांचा उचलतात. (याच बाईंना हार्वर्डने १९६० मध्ये पीएच.डी.च्या वाटेवरून परत पाठवलं होतं आणि तसं कळवणाऱ्या पत्रावर सही होती तिथले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांची. पुढे या लेखाला पुरस्कार मिळाला, तो जॉर्ज मिलर यांच्याच नावाचा. शाळा निवडताना या माहितीचा काडीचा उपयोग नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) हॅरिसबाईंचं म्हणणं सगळ्या मानसशास्त्रज्ञांना पटलेलं नाही. तुम्हाला मात्र लगेच पटेल, कारण त्यात मोठी सोय आहे. मूल बिघडलं तर दोष तुमचा नाही! मूल चांगलं निघालं तर श्रेयही तुमचं नाही, एवढा भाग मात्र वाचायचा राहून जाऊ द्या.

त्याहून वजनदार आकडा हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांची सोडत काढली आणि काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. वयाची तेरा वर्षं पुरी होण्याआधी तिकडे राहायला गेलेली मुलं पुढे विशीच्या मध्यावर, सोडतीत नाव न लागलेल्यांपेक्षा ३१ टक्के जास्त कमावत होती. मोठ्या वयात गेलेल्यांना फायदा दिसला नाही, झाला तर थोडा तोटाच. आता, ही कुटुंबं दारिद्र्य साचलेल्या वसाहतींतून बाहेर पडली होती, त्यांना मदतीवाचून हलणं परवडतच नव्हतं, आणि तुम्ही तर एका बऱ्या वस्तीतून दुसऱ्या जरा जास्त बऱ्या वस्तीत चालला आहात. पण चारचौघांत बोलताना ३१ टक्के एवढंच म्हणा. तपशिलात शिरलं की आकड्याचा दरारा जातो.

शाळेचं काम यापेक्षा नाजूक आहे. तुम्हाला हुशार मुलांची शाळा हवी, हे उघड आहे. पण मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श आणि त्यांचे सहकारी १९८४ पासून एक अडचणीची गोष्ट सांगत आले आहेत, की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर निवडक हुशारांच्या शाळेतलं मूल स्वतःला कमी समजतं आणि साध्या शाळेतलं जास्त. आपल्याकडे याला 'वासरात लंगडी गाय शहाणी' म्हणतात. उपाय सोपा आहे. सगळी मुलं अत्यंत हुशार असतील, पण प्रत्येकजण तुमच्या मुलापेक्षा किंचित कमी, असा वर्ग शोधा. मुख्याध्यापकांना हे स्पष्ट शब्दांत विचारा. ते हसून 'आमच्याकडे अगदी असाच वर्ग आहे' म्हणाले तर फी भरून टाका, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या पालकांना आत काय सांगितलं गेलं, याची चौकशी करू नका.

प्रवेश झाला की बाकाचा प्रश्न येतो. कोणाशेजारी बसवणार? इथे मी पुन्हा शास्त्राकडे वळणार होतो, पण ते जरा गैरसोयीचं आहे. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच करून पाहिलं. जुन्या निकालांवरून हिशेब निघाला होता, की कच्च्या विद्यार्थ्यांना हुशारांच्या सहवासाने फायदा होतो. मग नव्या विद्यार्थ्यांच्या काही तुकड्या मुद्दाम तशा पाडल्या, कच्च्यांसोबत हुशार जास्त. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या कच्च्या विद्यार्थ्यांचे गुण नेहमीच्या तुकड्यांतल्या तशाच विद्यार्थ्यांपेक्षा घसरले. तुकडी एक, पण हुशारांनी हुशारांशी जमवलं आणि कच्च्यांनी कच्च्यांशी. कधी उठायचं, काय घालायचं हेसुद्धा जिथे वरून ठरतं, तिथेही मैत्री कोणाशी करायची हे हुकमाने ठरेना.

तुम्ही खचू नका. त्यांच्याकडे नुसते लष्करी अधिकारी होते. तुमच्याकडे वाढदिवसाच्या निमंत्रणांची यादी आहे. ती तुम्ही स्वतः करा. पवळ्याने सुचवलेली नावं आधी लिहून घ्या, म्हणजे कोणाला वगळायचं ते कळेल.

पुढे तो तेरा-चौदाचा झाला की तुमचं काम आपोआप कमी होतं, कारण त्याला तुमचं ऐकू येईनासं होतं. २००५ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. सोबती शेजारी असताना कुमारवयीन मुलांनी जास्त धोके पत्करले, चोवीसच्या पुढचे मात्र होते तसेच वागले. म्हणजे फक्त चोविसावं उलटेपर्यंत वाट पाहायची आहे.

मोठी माणसं मात्र कोणाच्या नादी लागत नाहीत, हे यावरून सिद्ध झालं. आता एक आठवून बघा, तुम्हाला ही शाळा पहिल्यांदा कुणी सुचवली? पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी तिचं नाव टाकलं. दुसऱ्याने 'आम्हीपण तिकडेच' लिहिलं. सातव्या माणसाने अंगठा दाखवला तेव्हा तुम्हाला ती तुमची स्वतःची निवड वाटू लागली. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात रेघांच्या लांबीचा साधा प्रयोग केला होता. खोलीतले बाकीचे सगळे, आधी ठरवून, धडधडीत चुकीचं उत्तर देत, आणि मग यातलं काहीच ठाऊक नसलेल्या एकट्या पाहुण्याची पाळी येई. डोळ्यांसमोरची रेघ दिसत असतानाही सुमारे तिनातलं एक उत्तर घोळक्याच्या बाजूने गेलं. आणि तिथे तर नुसत्या रेघा होत्या. तिथे कोणी 'प्रवेश बंद होत आलेत हं' असं म्हणत नव्हतं.

हे ढवळ्याबद्दल चाललं नव्हतं, नाही का? विषयांतर झालं.

तर सामान हलवा. जुन्या मित्रांशी बोलायला पवळ्याला फोन देऊ नका, त्याने संसर्ग चालू राहतो. पहिल्याच संध्याकाळी त्याला खाली खेळायला सोडा आणि गॅलरीत उभे राहा. थोडा वेळ तो एकटा चेंडू आपटत बसेल. मग कोणीतरी त्याला ओरडून बोलावेल आणि तो तुमचे ते दोन शब्द, जुन्या वस्तीत राहिले असं तुम्हाला वाटत होतं ते, खणखणीत आवाजात उच्चारून त्यांच्यात सामील होईल. नवी मुलं आधी थबकतील, मग खदाखदा हसतील. एकजण ते लगेच म्हणून बघेल.

मैदानालगतच्या बाकावर एक गृहस्थ बसलेले दिसतील. हातात वही. ते मान वर करून पवळ्याकडे बघतील, पान उलटतील आणि लिहू लागतील. आठवडाभर तरी रोज येतील. हटकू नका.