घोडं कुठं पेंड खातंय?

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी ऑबर्न नावाचं गाव आहे. इथली माणसं घोड्यावर बसून एका दिवसात ५० मैल डोंगर तुडवतात आणि त्याला करमणूक म्हणतात. त्यानेही हौस भागली नाही तर १०० मैल. ही शंभर मैलांची शर्यत म्हणजे टेविस कप, १९५५ पासून चालू आहे. टाहो सरोवराच्या बाजूने निघायचं, दऱ्या उतरत-चढत चोवीस तासांच्या आत ऑबर्नला पोचायचं. मी त्या वाटेला जाणार नाही. मी २५-३० मैलांच्या धाकट्या गटातली. पण मैल कितीही असोत, सगळं येऊन अडतं ते एकाच ठिकाणी: घोडं जेवणार कधी?

माझा घोडा अरबी, करड्या रंगाचा. कागदोपत्री नाव फिनिक्स. आईने साताऱ्याहून फोनवरच त्याचं दुसरं बारसं केलं, त्यामुळे आमच्याकडे तो फणसू.

आम्ही ज्या तबेल्यात शिकलो तिथली शिस्त कडक. स्वार पाठीवर चढला की घोड्याचं तोंड बंद. मला ती मनापासून पटली होती, कारण फणसूची खाण्याची पद्धत मी पाठीवरून पाहिली होती. छान दुडकी चालू असायची, वाटेकडेला हिरवं दिसायचं, आणि क्षणात मान खाली, एक हिसका, की हातभर गवत दोन्ही गालफडांतून लोंबतंय, लगामावर हिरवा फेस. मी तोवर त्याच्या मानेवरून घसरत कानांपर्यंत पोचलेली असायची. तेव्हा खाणं बंद म्हणजे बंद. काही महिन्यांत तो इतका शहाणा झाला की लोक कौतुक करायला लागले.

मग आली पहिली लांबची रपेट. वाटेत थांबा असतो, तिथे घोड्याची तपासणी होते. नाडी मिनिटाला ६०-६४ पर्यंत उतरली पाहिजे, कातडीची चिमूट घेऊन अंगातलं पाणी बघतात, आणि पोटाला दोन्ही बाजूंनी, वर-खाली, स्टेथोस्कोप लावून आतड्यांचे आवाज ऐकतात. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ कान दिला आणि तोंड वाकडं केलं. आत शांतता. आमच्या घरात पोटातून आवाज आला की ओवा देतात. इथे आला नाही तर शर्यतीतून घरी पाठवतात.

बाईंनी मग घोड्याच्या पोटाचा कारभार समजावला. एवढं चारशे किलोचं जनावर, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल झरत असतं चोवीस तास, खाल्लं तरी, नाही खाल्लं तरी. ते शमवणारी लाळ मात्र चावलं तरच सुटते. म्हणून मोकळं सोडलेलं घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत राहतं. पळताना रक्त सगळं पायांकडे, त्यामुळे आतडी आधीच रुसलेली. त्यात उपास घडला तर पोटशूळ. आणि घोड्याला उलटीही होत नाही, म्हणजे मागचा दरवाजा सोडला तर सुटकेचा मार्ग नाही. थोडक्यात, ज्या गोष्टीवरून मी इतके महिने त्याला रागवत होते, तीच आता हवी होती. फक्त वेळेवर.

एका जुन्याजाणत्या बाईंनी तोड सांगितली. आधी पूर्ण थांबायचं, मग लगाम सैल सोडायचा, मग एक ठरलेला शब्द. तिन्ही झाल्याशिवाय एक काडीही नाही. मान वर घ्यायला दुसरा शब्द. मी ठेवले ‘जेव’ आणि ‘पुरे’. ‘जेव’ त्याला एका सकाळीत आलं. ‘पुरे’ त्याने विचारार्थ ठेवून घेतला आहे.

कधी जेवायचं तेही ठरवावं लागतं. चढ संपून दम खाली बसला की. ओढ्यावर पाणी पिऊन झालं की. एका बाजूला दरी आणि मागे सहा घोडी खोळंबलेली, अशा पाऊलवाटेवर नाही. यलो स्टार थिसलच्या पिवळ्या काट्यात तर मुळीच नाही. ते बरेच दिवस पोटात जात राहिलं तर घोड्याच्या मेंदूला अशी इजा होते की त्याला चावताच येत नाही. पॉइझन ओक हे खाजरं झुडूप मात्र तो बिनधास्त खातो. घोड्याला त्याचं काही होत नाही. पाला खाऊन झाल्यावर तो प्रेमाने माझ्या हाताला तोंड पुसतो, आणि कोपरापर्यंत खाजवत मी बसते.

सगळं जमतंय असं वाटत असताना आईचा फोन आला. इकडची सकाळ म्हणजे तिची रात्र, जेवणं आटोपलेली. सपाट वाट, छान दुडकी, फोन खिशात, स्पीकर चालू.

“जेवलीस का गं?”

फणसू जागच्या जागी थांबला. मी थांबले नाही.

“अगं, कसला आवाज आला?”

“काही नाही गं आई, फणसू खातोय,” मी गवतातून म्हणाले.

“मग खाऊ दे की, मुकं जनावर! तू जेवलीस का, ते सांग आधी.”

तो पुढच्या झुडपाकडे वळला. आम्ही ठरवलेल्या तीन अटींतल्या दोन त्याने आपल्या अधिकारात रद्द केल्या होत्या.

पुढच्या शर्यतीला मी पुऱ्या तयारीनिशी गेले. थांब्यावर ठेवायला शुगरबीटचा भिजवलेला चोथा, कोंडा, गाजरं, लसूणघासाची पेंढी, सगळं मोजून. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवत होतं: दाणावैरण आत्ताच मनमानी उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांकडचं गवत-दाणा आणायला धावाल. आमची छावणी तशी होणार नव्हती.

थांबलो. लगाम सैल सोडला. “जेव,” म्हटलं. फणसूने माझ्या चंदीत नाक घातलं, एक फुत्कार सोडून चोथा माझ्या शर्टभर उडवला, आणि मान लांब करून शेजारच्या घोडीच्या जाळीतलं साधं सुकं गवत ओढायला लागला. घोडीची मालकीण पाण्याला गेली होती. मी “पुरे” म्हणून पाहिलं. मग म्हणायचं सोडलं, कारण वेळ कमी होता आणि तो इतकं छान चावत होता.

डॉक्टरीणबाईंनी चारही जागी ऐकलं आणि कार्डावर आतड्यांपुढे ए, म्हणजे उत्तम, लिहिला. गवत कुणाचं होतं, असा रकाना त्या कार्डावर नसतो.