गणित दिनाला कापरेकरांची वजाबाकी
२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन शाळेत कसा साजरा करावा, यावरच्या लेखात सुचवलेली रांगोळी, तक्ते आणि भाषणे चांगलीच आहेत, पण त्यांत मुलांच्या हातून प्रत्यक्ष गणित फारसे घडत नाही. त्यापेक्षा देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या वर्गात आणावी. चारही अंक एकच असलेल्या (उदा. ११११) सोडून कोणतीही चार अंकी संख्या घेऊन, अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा केली आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करत गेल्यास, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८३५२ आणि लगेच ६१७४. माझ्या सहावीच्या वर्गात २१११ निवडलेल्या मुलीची गाडी ९९९ वर अडली, कारण तिने सुरुवातीचे शून्य गाळले होते (ही चूक हमखास होते). ०९९९ लिहिताच पुढची वजाबाकी ८९९१ निघाली आणि अख्खा वर्ग तिच्या वहीभोवती जमला.