थोडंच राहिलंय

मॅरेथॉनच्या अर्जात रक्तगट विचारतात. तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते विचारतात. माझं काही बरंवाईट झालं तर आयोजक जबाबदार राहणार नाहीत, यावर खूण करून घेतात. इथवर माणूस निमूटपणे खरं लिहितो. मग येतो शेवटचा रकाना : अपेक्षित वेळ.

हा रकाना माणूस भरतो तेव्हा जेवून सोफ्यावर आडवा झालेला असतो. स्पर्धेला सहा महिने अवकाश असतो. अशा अवस्थेत बेचाळीस किलोमीटर हे अंतर काही फार वाटत नाही. ऑफिसातल्या ज्या मित्रामुळे मी या भानगडीत पडलो, त्याने 'पाच तास' लिहिलं होतं. म्हणून मी साडेचार लिहिलं. धावण्याशी माझा तोवरचा संबंध सुटणाऱ्या बसपुरता, आणि त्यातही बहुतेक वेळा बसच जिंकलेली.

सरावाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो फार झाला नाही. वेळापत्रकात दर आठवड्याला एक लांबची धाव होती आणि ती वाढवत वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायची होती. माझी गाडी चोविसावर अडकली. शेवटचं पान मात्र मला मनापासून पटलं. स्पर्धेआधीचे दोन-तीन आठवडे धावणं कमी करत आणायचं, याला टेपरिंग म्हणतात. शेवटचे दोन-तीन दिवस पिष्टमय पदार्थ चापून खायचे, याला कार्ब लोडिंग म्हणतात. म्हणजे स्नायूंत इंधनाचा साठा होतो. हे दोन्ही मी गेली वीस वर्षं नेमाने करत आलो होतो, फक्त त्यापुढची स्पर्धा तेवढी राहून गेली होती.

स्पर्धेच्या पहाटे मैदानावर पोचलो तेव्हा अंधारात शेकडो माणसं गंभीर चेहऱ्याने एका दिशेला तोंड करून उभी होती. स्पर्धा इथूनच सुटणार असं समजून मीही जाऊन उभा राहिलो. ती फिरत्या शौचालयाची रांग होती. चूक लक्षात आली तोवर आपल्यालाही जायचंच आहे हे पोटाने कळवलं होतं. मॅरेथॉनची भीती डोक्यात नसते, ओटीपोटात असते. घरून तीनदा जाऊन आलेली माणसं तिथे चौथ्या खेपेला उभी होती आणि एकमेकांच्या बुटांकडे बघत होती. पाऊण तासाने माझा नंबर लागला. आतून कडी लावली आणि बाहेर बंदूक वाजली.

तुमच्या क्रमांकाच्या कागदामागे एक चिप असते. सुरुवातीच्या रेषेवरच्या मॅटवरून तुम्ही गेलात की तुमचं घड्याळ सुरू होतं, त्यामुळे उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. हे मला माहीत होतं. पण शौचालयात बसून बंदूक ऐकलेल्या माणसाला चिपचं तत्त्वज्ञान सुचत नाही. मी धावत सुटलो. रेषेपर्यंतच एवढा धावलो की दम तिथेच लागला.

आता झालं होतं असं, की माझी साडेचार तासवाली मंडळी कधीच पुढे गेली होती आणि मी साऱ्या जथ्याच्या शेपटाला होतो. मॅरेथॉनमध्ये पेसर असतात. ही माणसं पाठीला वेळेचा झेंडा बांधून ठरल्या वेळेला बरोब्बर पोचतात. ज्याला पाच तासांत संपवायचंय त्याने पाचच्या झेंड्यामागे राहायचं, एवढं सोपं. माझ्या पुढ्यात आधी सहाचा झेंडा दिसत होता, त्यापुढे साडेपाचचा, त्यापुढे पाचचा. मी सगळ्यांना मागे टाकलं. सहाच्या झेंड्याखाली एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, सावकाश." मी त्यांच्याकडे दयेने बघितलं. पाचच्या झेंड्यामागे माझा मित्र होता, त्याला तर हात हलवून दाखवला. पहिले पाच किलोमीटर तीस मिनिटांत झाले. साडेचारचा झेंडा एका लांबलचक सरळ रस्त्यावर क्षणभर दिसला, मग वळणाआड गेला. त्याचं माझं तेवढंच दर्शन.

पुढची हकिगत थोडक्यात सांगायची तर तेच झेंडे, उलट्या क्रमाने.

दहाव्या किलोमीटरच्या आसपास पाचचा झेंडा आला. मित्राने हात हलवला नाही, हे त्याचं मोठेपण. तो फक्त म्हणाला, "पाणी पी रे." तर पाण्याबद्दल. धावता धावता कागदी पेल्यातून पाणी पिणं ही एक वेगळी विद्या आहे. पेला वरून चिमटीत दाबायचा, म्हणजे त्याला चोच होते आणि पाणी तोंडात जातं. हे मला संध्याकाळी कळलं. तोवर माझं पाणी नाकात, कानात आणि मोज्यांत जात होतं. जेल नावाचा, धावताना ताकदीसाठी गिळायचा चिकट प्रकारही तिथेच हाती पडला. दात घासायला घेतलेली पेस्ट चुकून गोड निघावी आणि ती गिळायला लागावी, असं काहीसं ते लागतं.

सोळाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी मी घड्याळ बघितलं : एक तास एकोणसाठ मिनिटं. केनियाचा धावपटू एलियूड किपचोगे याने 2019 साली व्हिएन्नात एवढ्याच वेळात, 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत, अख्खी मॅरेथॉन संपवली होती. म्हणजे तो आत्ता माझ्या जागी असता तर आंघोळीला गेला असता. माझे अजून सव्वीस किलोमीटर बाकी होते.

एकविसाव्याला साडेपाचचा झेंडा गेला. त्याच सुमाराला अशा दोन अवयवांनी तक्रार सुरू केली, ज्यांना पुरुषाच्या देहात काहीही काम नाही अशी माझी आजवर समजूत होती. ओला शर्ट छातीवर हजारो वेळा घासला की काय होतं ते सभ्य शब्दांत सांगता येत नाही. जाणकार मंडळी तिथे आधीच व्हॅसलीन लावून आलेली असतात. मीही आणलं होतं. ते सामानाच्या पिशवीत होतं आणि पिशवी अंतिम रेषेपाशी होती.

या सगळ्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांबद्दल सांगायला हवं. भल्या पहाटे उठून परक्यांसाठी टाळ्या वाजवणारी ही माणसं देवमाणसंच, यात वाद नाही. पण देवमाणसांना एकच वाक्य येतं : "थोडंच राहिलंय!" हे मी पहिल्यांदा अकराव्या किलोमीटरला ऐकलं. मग सतराव्याला. बाविसाव्याला एका लहान मुलाने सांगितलं, तेव्हा त्याच्या आईने त्याला कौतुकाने थोपटलं. खोटं बोलण्याचे संस्कार इतक्या उघडपणे होताना मी पाहिले नव्हते. वीस किलोमीटर म्हणजे 'थोडंच' असेल, तर त्या माणसाने चपला घालून माझ्याबरोबर यावं आणि सिद्ध करून दाखवावं.

तीन-चतुर्थांश अंतराच्या आगेमागे 'भिंत' येते, असं सगळे सांगतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं इंधन, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आलं, की शरीराला चरबी जाळून भागवावं लागतं, आणि चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. माझ्याकडे चरबीचा साठा भरपूर. त्या हिशेबाने मी आणखी तीन शहरं पालथी घालू शकलो असतो. पण गोदाम भरलेलं असून उपयोग काय, माल बाहेर काढणारा एकच म्हातारा कारकून, आणि तोही जेवायला गेलेला. सत्ताविसाव्याला डाव्या पोटरीत असा गोळा आला, की मी फुटपाथच्या कडेला बसलो आणि पाय हातात धरून त्याची समजूत काढू लागलो.

बसल्या बसल्या मला शिझो कानाकुरी आठवले. जपानचे हे धावपटू 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावत होते. भयंकर उकाड्याने निम्म्या वाटेवर त्यांना मळमळायला लागलं. वाटेत एका घराच्या बागेत मेजवानी चालली होती, तिथे त्यांनी काहीतरी प्यायलं, विसावले, आणि नंतर कुणाला न सांगता मायदेशी निघून गेले. स्वीडनमध्ये त्यांची नोंद 'बेपत्ता' अशी राहिली. 1967 साली त्यांना बोलावून उरलेली शर्यत पुरी करू दिली, आणि वेळ जाहीर झाली : 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटं आणि 20.3 सेकंद. यातलं मला सगळ्यात काय आवडतं, तर ते शेवटचं दशांश तीन. मी आजूबाजूला बघितलं. कुणाच्या बागेत मेजवानी दिसेना. तेव्हा उठलो.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला बायको आणि मुलगी उभ्या राहणार होत्या. मुलीने रात्री जागून फलक रंगवला होता. मी तिथे पोचलो तेव्हा तिथे एक कुत्रा होता. झालं होतं असं, की त्या दोघी अ‍ॅपवर माझा ठिपका बघत होत्या. आता हा ठिपका काही मला बघत नसतो. दर पाच किलोमीटरला रस्त्यावर मॅट असते, तेवढ्या जागीच माझी खरी नोंद. मधल्या वेळात तो माझ्या आधीच्या वेगावरून अंदाजाने पळत राहतो. मी पोटरी धरून बसलो होतो तेव्हा माझा ठिपका तोंडावरची माशीही न उठवता त्या दोघींच्या समोरून गेला. "गर्दीत दिसला नाही वाटतं," म्हणून त्या त्याच्यामागे पुढच्या चौकात गेल्या. मग बायकोचा फोन. "अरे, तू तिसाव्याला पोचलास! मस्त चाललायस!" मी म्हटलं, "तो मी नव्हे." एकंदरीत ठिपका माझ्यापेक्षा उत्तम धावपटू होता आणि घरच्यांना तो जास्त आवडला होता.

तेहतिसाव्यानंतर जे घडलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मागून पावलांचा आवाज आला, एक पाठ माझ्याशेजारून पुढे सरकली, आणि तिच्यामागोमाग तिचा चेहरा आला. तो माणूस उलटा धावत होता. उलटा, म्हणजे पाठ पुढे करून. मला मागे टाकल्यावर आम्ही समोरासमोर आलो. कुणी मागे टाकलं तर निदान त्याची पाठ बघायला मिळते, एवढी माणुसकी या खेळात आहे. इथे तीही सोय नाही. बरं, त्याचा वेग माझ्याहून जेमतेम जास्त. त्यामुळे एक हाताचं अंतर पडायला बराच वेळ लागला आणि तेवढा सगळा वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मी हसलो. तो हसला. आता काय बोलायचं? शेवटी तोच म्हणाला, "थोडंच राहिलंय."

छत्तिसाव्याला सहाचा झेंडा आला. आणि त्याच्यामागे, फार लांब नाही, स्पर्धकांना गोळा करणारी बस. स्पर्धेची मुदत सहा तासांची, त्यामुळे झेंड्याच्या मागे पडलेल्यांना ती उचलत येते. दार उघडंच होतं. आत लोक पाय पसरून बसले होते, एक जण तर झोपला होता. इतकं सुंदर वाहन मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्या ताईंनी मला ओळखलं. 'सांगितलं होतं ना,' असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, बसकडे बघू नका. माझ्या झेंड्याकडे बघा." आणि पुढचे सहा किलोमीटर त्यांनी मला अक्षरशः नजरेने ओढत नेलं. गप्पाही मारत होत्या. मी मानेने उत्तरं देत होतो. चाळिसाव्यानंतर मानही थकली.

42 ची पाटी आली आणि मी थांबलो. ताई म्हणाल्या, "अजून 195 मीटर!" या 195 मीटरचा राग मी त्या क्षणी थेट लंडनच्या राजघराण्यावर काढला. आधीच्या शर्यती साधारण 40 किलोमीटरच्या आसपास असायच्या. 1908 च्या ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून सुटून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपेल असं अंतर आखलं, आणि 1921 मध्ये तेच 42.195 कायमचं ठरलं. खुर्च्या थोड्या अलीकडे मांडल्या असत्या तर काय बिघडलं असतं? हे मी ताईंना सविस्तर समजावणार होतो, पण त्यांनी माझ्या कोपराला धरलं होतं.

माझी अधिकृत वेळ : 5 तास 59 मिनिटं 40 सेकंद. वाचकांनी पुन्हा एकदा व्हिएन्नाचा आकडा बघावा. मिनिटं तीच, सेकंदं तीच. फरक आहे तो फक्त तासांच्या खान्यात. किपचोगेची ती वेळ विश्वविक्रम म्हणून धरत नाहीत, कारण त्याच्यासाठी 41 पेसर आळीपाळीने धावले होते. मलाही एका ताईंनी ओढून आणलं, म्हणून माझीही धरू नये. बाकी घड्याळाने अंतर 42.9 किलोमीटर दाखवलं. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सगळ्यात जवळच्या रेषेने. माझ्यासारखा माणूस पाण्यासाठी डावीकडे, सावलीसाठी उजवीकडे आणि ओळखीचं कुणी दिसलं तर तोंड लपवायला मध्यभागी धावतो. ते सातशे मीटर मी कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट बंद होती. मॅरेथॉननंतर जिना चढता येतो. उतरता येत नाही. मांड्या सपशेल नकार देतात. पण उलटं उतरलं तर जमतं, हा शोध मला पहिल्याच पायरीवर लागला. कठडा दोन्ही हातांनी धरून, पाठ पुढे करून, एकेक पाऊल मागे टाकत मी चौथ्या मजल्यावरून निघालो. तेहतिसाव्या किलोमीटरवाल्या त्या माणसाबद्दल मनात थोडी माया दाटून आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालून एक आजी पिशवी घेऊन चढत येत होत्या. आमची तोंडं भलतीकडेच होती, त्यामुळे त्या थोड्या गोंधळल्या.

"काय रे, चढतोयस की उतरतोयस?"

"उतरतोय, आजी."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग वाकून खाली जिन्याकडे बघितलं, आणि मला वाट देत म्हणाल्या, "ये, ये सावकाश. थोडंच राहिलंय."