तिचा फोटो मी टाकणार नाही

पोस्ट मोठी होणार आहे. सकाळपासून डोक्यात घोळतंय, लिहून टाकल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

आमच्या दहावीच्या बॅचचा एक ग्रुप आहे. सगळे आता पन्नाशी ओलांडलेले, बहुतेकांचं बरं चाललंय. सकाळी त्यावर एक आवाहन टाकलं. माझी एक विद्यार्थिनी आहे, वय १५, इथलीच इचलकरंजीची. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत पणतीवरून फ्रॉक पेटला. नायलॉनचा फ्रॉक, तो जळत जळत अंगालाच चिकटला. हनुवटी, गळा, छाती, उजवी काख. पोर वाचली. आता गळ्याची आणि ओठाची शस्त्रक्रिया करायची आहे, घरच्यांना झेपत नाही, जमेल तेवढं द्या, एवढंच लिहिलं. खाली हॉस्पिटलच्या खर्चाचा कागद जोडला.

अर्ध्या तासात दोन उत्तरं आली. एक असं, ‘जीव तर वाचलाय ना? मग हे दिसण्याचं ऑपरेशन झालं. खरंच गरज असलेल्या केसेस खूप असतात.’ दुसरं, ‘मुलीचा फोटो टाका. फोटो बघितल्याशिवाय कोण पैसे देत नाही.’ दुसऱ्याखाली सात अंगठे.

‘जीव वाचला ना.’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिसरीत होते. आमच्याच घरात, माझ्या आजोबांच्या तोंडून.

माझी आत्ती. १९८१ साली पंपाचा स्टोव्ह भडकला तेव्हा सतरा वर्षांची होती. लग्न व्हायचं होतं, माहेरीच होती, आणि तरीही गल्लीत लोक काय काय बोलले ते मोठी झाल्यावर मला कळलं. अडीच महिने दवाखान्यात काढून ती घरी आली तेव्हा मान बऱ्यापैकी सरळ होती. मग महिन्या-महिन्याला ती खाली येत गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वर्षभरात हनुवटी छातीला टेकली. खालचा ओठ ओढला जाऊन बाहेर वळला, तोंड पूर्ण मिटेना. डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं होतं, ऑपरेशन करून मान सोडवता येते. आजोबा म्हणाले, जीव वाचला ना, बास. जमीन विकून आता काय करायचंय.

आजोबा वाईट नव्हते. लिहावं लागतं म्हणून लिहिते. घरात आणखी चार तोंडं होती.

पण आत्ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली, आणि ती सगळी वर्षं तिनं चहा भिंतीकडे तोंड करून प्यायला. ओठ मिटत नसल्यानं चहा हनुवटीवरून ओघळायचा. बशीत ओतायची, पदर हनुवटीखाली धरायची आणि वळायची. आम्हा पोरांना वाटायचं, तिची चहा प्यायची पद्धतच ती. कोजागिरीला गच्चीवर सगळे चंद्र बघायचे आणि ती दुधाच्या पातेल्यात बघायची. माझ्या आईनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, अगं तिला वर बघता येत नाही. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

आता मला सांगा, हे दिसण्याचं आहे?

भाजलेल्या जागी जी कातडी येते ती भरताना आकसते. जखम भरून निघायची शरीराची रीतच ती. ती वर्ष वर्ष आकसत राहते, आणि गळ्यासारख्या जागी, जिथली कातडी मुळात पातळ आणि सारखी हलणारी, तिथं ती दोरीसारखी ओढते. त्यात पोर वाढत्या वयाची असेल तर हाडं वाढतात आणि व्रण तिच्याबरोबर वाढत नाही. म्हणून अशा मुलांना एका ऑपरेशनवर भागत नाही. दोन लागतात, चार लागतात. काही जणांच्या बाबतीत अंगाची वाढ थांबेपर्यंत हे चालू राहतं. ‘एकदा झालंय की ऑपरेशन, आता परत कशाला’ असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

तिचं पहिलं ऑपरेशन काखेचं झालं. हात खांद्याच्या वर जात नव्हता. ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं आणि ऑपरेशनला एक रुपया लागला नाही, हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते. योजना चांगली आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावानं सुरू झाली, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं त्या माऊलीला हाताला धरून कागद भरून दिले. मान्य. पण ज्यांना वाटतं की योजना आहे म्हणजे प्रश्न मिटला, त्यांनी एकदा दवाखान्याबाहेरचा हिशोब करून बघावा.

वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरते. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला. पुण्याला एक फेरी म्हणजे दोघांचे दोन-दोन खाडे, एसटीचं भाडं, रात्रीची सोय. अशा सहा फेऱ्या झाल्यात. ऑपरेशननंतर अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे घालावे लागतात, दिवसाचे जवळजवळ २३ तास, महिनोन्‌महिने, नाहीतर व्रण पुन्हा जाड होऊन ओढतो. ते कपडे दोन-तीन महिन्यांत सैल पडतात, पोर वाढली की बसत नाहीत, परत नवे. इचलकरंजीच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ते घालून बसलेली पोर मी बघितली आहे. एकदाही कुरकुरली नाही.

गळ्याचं काम इथं करायला डॉक्टर तयार नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मान मागे वळत नसली की भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं, जिवावर बेतू शकतं. मोठं हॉस्पिटल, अनुभवी भूलतज्ज्ञ लागतात. म्हणून पुणे. तिथं त्यांना सांगण्यात आलं की गळ्याचं योजनेत बसेल, ओठ आणि गालाचं बसणार नाही, ते सौंदर्याचं. ओठ मिटत नाही, लाळ गळते, प, फ, ब, भ, म धड उच्चारता येत नाहीत. माझ्या वर्गात कविता म्हणायला उभी राहायची आणि पहिल्याच ‘म’ला अडायची. मी मराठी शिकवते हो. हे सौंदर्याचं आहे असं मला कुणी तोंडावर सांगावं.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्याची योजना उच्च न्यायालयानं २००६ सालीच मंजूर केली आहे. तिचे वडील तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन अशा एका ठिकाणी दोन दिवस बाकावर बसले. खाट शिल्लक नाही म्हणाले. नसेलही. तिसऱ्या दिवशी माणूस परत आला, कारण माग बंद होता.

एकूण २ लाख ८५ हजार लागणार आहेत. मालकानं ४० हजार उचल दिली. आईनं भिशी आधी उचलली, वर कमी मिळाले. आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी आणि शिपाईमामांनी मिळून ३१ हजार केले. आणखी थोडं इकडून तिकडून जमलं. अजून निम्म्याच्याही वर बाकी आहे.

आता फोटोचं बोलते. त्याचाच राग आहे मला, पहिल्या उत्तरापेक्षा जास्त.

पोरीच्या घरच्यांच्या ओळखीतल्या एका मुलानं ऑनलाइन निधी गोळा करायचा सल्ला दिला. चांगल्या भावनेनं दिला, फॉर्मही भरायला घेतला. तिथून फोन आला, भाजल्यानंतरचा चेहऱ्याचा जवळून घेतलेला फोटो पाठवा, शक्य असेल तर आई रडतानाचा व्हिडिओ, त्याला प्रतिसाद जास्त मिळतो. आई तयार झाली होती. लेकरासाठी आई कशालाही तयार होते. पोरीनं ओढणी तोंडावर घेतली आणि तीन शब्द बोलली, ‘बाई, नको ना.’ मला म्हणाली, आईला नाही. आईला नको म्हणायचं धाडस तिला झालं नाही.

पंधरा वर्षांची मुलगी. या वयात आपण कपाळावरच्या एका पुटकुळीसाठी शाळा बुडवायचो. तिनं स्वतःचा चेहरा हजारो अनोळखी लोकांच्या मोबाईलवर पाठवायचा, म्हणजे त्यांच्या मनाला पाझर फुटणार. ऑपरेशन होईल, मान सरळ होईल, पण तो फोटो कुठं जाईल? उद्या ती कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, तेव्हा कुणीतरी तो काढून पुढे पाठवणारच.

खोटी आवाहनं असतात, मान्य आहे. माझ्याही मोबाईलवर आली आहेत, एकदा मी फसलेही. म्हणून तर हॉस्पिटलचा कागद जोडला, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरायची सोय ठेवली, पेशंटचा नंबर दिला. खात्री करायची तर हॉस्पिटलला फोन करता येतो. चेहरा बघून कसली खात्री होते?

आणि आत्ती परत आठवते. आत्तीचा एकही फोटो नव्हता आमच्याकडे. लग्नात फोटोग्राफर आला की ती स्वयंपाकघरात जायची. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये शंभरावर फोटो आहेत, त्यातल्या एकाही फोटोत ती नाही, आणि माझ्या हातावर मेंदी तिनं काढली होती. शेषन यांच्या काळात मतदार ओळखपत्रं आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिला कॅमेऱ्यासमोर बसावं लागलं. फोटो काढणारा सारखा म्हणत होता, मान वर करा, वर बघा. मान वर होणार नव्हती, म्हणून तिनं फक्त बुबुळं वर केली. त्या कार्डावर ती कुणाला तरी घाबरून बघत असल्यासारखी दिसते. २००९ साली ती गेली आणि तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो नव्हता, तेव्हा बाबांनी तोच मोठा करून आणला. हार घालताना मला तिच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतले डॉ. शरदकुमार दीक्षित आपल्याकडे मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरं घ्यायचे. मूळचे पंढरपूरचे. अपघातानं शरीराची एक बाजू लुळी, कॅन्सरनं आवाज गेलेला, व्हीलचेअरवरून ऑपरेशनं करायचे. बाबा आत्तीला म्हणाले, चल, निदान दाखवून तरी येऊ. ती म्हणाली, आता कशाला, सवय झाली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. माणसाला बारा-पंधरा वर्षं ‘जीव वाचला ना’ ऐकवलं की तो स्वतःच तसं म्हणायला लागतो.

ग्रुपवर ज्यानं ‘दिसण्याचं ऑपरेशन’ लिहिलं तो इतिहासाचा अभिमान बाळगणारा माणूस आहे, त्याच्या पोस्टी मी वाचते. त्याला एक आठवण करून देते. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक कापून परत आला. वर्षभरानं पुण्याजवळच्या एका कारागिरानं, वीटवाल्याच्या जातीतल्या, कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं, आणि पुढे तिकडच्या डॉक्टरांनी त्यावरून ही शस्त्रक्रिया उचलली. आपल्याच मातीतली विद्या आहे ही. एका गाडीवानाला त्याचं तोंड परत मिळावं असं तेव्हा कुणाला तरी वाटलं होतं.

जाऊ दे. भांडायला नव्हतं लिहायचं. ग्रुपवर मी काहीच उत्तर दिलं नाही. दुपारी त्यातल्याच एकीनं, जिच्याशी माझी दहावीपासून फारशी बोलाचाली नाही, न बोलता दहा हजार भरले आणि फक्त पावती पाठवली. त्यानंतर माझा राग जरा उतरला.

मला या पोरीचं पहिल्यांदा लक्षात आलं ते वर्गात. मधल्या सुट्टीत सगळ्या डबा खात होत्या आणि ही पाण्याची बाटली घेऊन फळ्याशेजारच्या भिंतीकडे वळली. ओढणी हनुवटीखाली धरली. मी वह्या तपासत होते, पेन तिथंच थांबलं. हुबेहूब आत्ती. पदराच्या जागी ओढणी, एवढाच फरक.

काखेचं ऑपरेशन होऊन पट्ट्या निघाल्यावर तिनं घरी पहिलं काय केलं असेल? आईकडून धुण्याची बादली घेतली आणि दोरीवर कपडे वाळत घातले. सगळे. शेजारच्यांचेसुद्धा. आई सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले होते. ग्रुपवरचं काही सांगितलं नाही. ऑपरेशन मे महिन्यात ठरतंय. मांडीची कातडी काढून गळ्याला लावतील, मग उशी डोक्याखाली न घेता खांद्याखाली घेऊन झोपायचं, मान मागे टाकून, आणि पुढे कित्येक महिने गळ्याला पट्टा. हे सगळं तिला पाठ आहे, मलाच समजावून सांगत होती. मग म्हणाली, ‘बाई, दहावीचा फॉर्म कधी भरतात?’ मी म्हटलं, दिवाळीच्या आसपास, का गं? म्हणाली, त्याला फोटो लागतो ना. मागच्या वर्षी ओळखपत्रासाठी फोटोच्या दुकानात गेले तर तो सारखा मान वर कर, मान वर कर म्हणत होता, मग मी नुसते डोळे वर केले.

मी काही बोलू शकले नाही. तिच्या आईनं चहा आणला होता, तो घेतला.

कागद माझ्याकडे आहेत, ज्यांना मदत करायची आहे त्यांनी मला मेसेज करा, हॉस्पिटलच्या खात्याचा तपशील पाठवते. शंभर रुपयेही चालतील. मे महिन्याला पाच आठवडे राहिलेत.