एक यादी मागितली, तर प्रोग्राम उलटा करून लिहा

काल मध्यरात्रीनंतर बदललेल्या फायलींची यादी. बस, एवढंच मागतोय मी. आणि पर्ल भाषेत फाइल::फाइंड हा फोल्डर धुंडाळणारा मॉड्यूल वापरून ती काढायला बसलो की डोकं फिरतं!

हा मॉड्यूल यादी देतच नाही. तू एक कॉलबॅक, म्हणजे मी बोलवायचं फंक्शन, लिहून दे म्हणतो, मी फोल्डर फिरेन आणि दर फाइलला ते बोलावेन. बरं, बोलाव. पण बोलावताना हातात काही ठेव की! एक आर्ग्युमेंट नाही. फाइलचं नाव डॉलर-अंडरस्कोर या पर्लच्या आयत्या व्हेरिएबलमध्ये, अख्खा पाथ भलत्याच ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, डिरेक्टरी तिसऱ्यात. माझ्या फंक्शनने परत काय पाठवलं ते कुणी बघत नाही, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तसं चक्क लिहून ठेवलंय. मग सापडलेल्या फायली साठवायला बाहेर एक अ‍ॅरे पाळा, आणि किती दिवसांची मर्यादा हे आत पोचवायला क्लोजर, म्हणजे बाहेरचं व्हेरिएबल सोबत धरून ठेवणारं फंक्शन, बांधा.

त्याहून संताप येतो तो त्याच्या न विचारता चालत सुटण्याचा. डिरेक्टरी बदलली की हा स्वतःच आत जाऊन उभा राहतो. म्हणून सुरुवातीचा पाथ रिलेटिव्ह दिला असेल, तर तो अख्खा पाथ मायनस-एमला (फाइल किती दिवसांपूर्वी बदलली ते सांगणारी पर्लची खूण) दिल्यावर फाइल सापडत नाही. मायनस-एम एरर देत नाही, अनडेफ देतो. अनडेफ म्हणजे 'किंमतच नाही', आणि तुलनेत ते शून्य. 'एक दिवसापेक्षा नवी' विचारा, सगळ्या जुन्यापुराण्या फायली नव्या ठरतात. '३० दिवसांपेक्षा जुनी' विचारा, एकही सापडत नाही.

आमच्याकडे जुने लॉग उडवणारी स्क्रिप्ट नेमकी अशीच लिहिलेली निघाली. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा) रोज रात्री चालायची, वॉर्निंग बंद, तक्रार शून्य, आणि एकही फाइल उडवत नव्हती. डिस्क भरली, डेटाबेसने लिहिणं थांबवलं, तेव्हा कळलं! कुणी म्हणेल, डिरेक्टरी बदलूच नको सांगणारा नो-सीएचडिर ऑप्शन द्यायचा. दिला, की डॉलर-अंडरस्कोरमध्येच अख्खा पाथ येतो. तेच व्हेरिएबल, अर्थ दुसरा. आता आधीचं सगळं फंक्शन पुन्हा तपासा.

तारखेचा घोळ तर वेगळाच. मायनस-एम स्क्रिप्ट सुरू झाल्यापासून मागे मोजतो, अपूर्णांकी दिवसांत. मध्यरात्र त्याला माहीतच नाही. ती हवी तर लोकलटाइममधून काढा, फाइलची माहिती देणारं स्टॅट करा, त्यातला दहावा आकडा, म्हणजे बदलाची वेळ, उचला, तोही इंडेक्स ९ लिहून. खात्री करायला शेलच्या फाइंड कमांडने ताळा करावा तर तो तिसरंच सांगतो: एमटाइम अधिक ७ (सातपेक्षा जास्त दिवसांपूर्वी बदललेली) लिहिलं की तो अपूर्णांक तोडून टाकतो, म्हणून साडेसात दिवसांची फाइल त्याच्या हिशेबात बसत नाही, पर्लच्या 'सातपेक्षा जास्त'मध्ये मात्र बसते. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून साहेब मला विचारणार, खरा कुठला!

आणि थांबायचं म्हणाल तर थांबताही येत नाही. पहिली जुळणारी फाइल मिळाली, काम झालं, तरी हा लाखो फायली हुंगत पुढे चाललेलाच. प्रून आहे, पण तो फक्त एखाद्या फोल्डरात शिरण्यापासून अडवतो. बाहेर पडायचं तर डाय करा, म्हणजे मुद्दाम एरर फेका, आणि बाहेरून इव्हॅलने झेला. सापडलं म्हणून मरायचं?

सीपॅनवर, पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक भांडारात, याहून बरे मॉड्यूल आहेत, ठाऊक आहे मला. सर्व्हरवर बाहेरचं काही टाकायची परवानगी नाही, त्यामुळे ते माझ्या कामाचे नाहीत. पर्लसोबत येणारा मॉड्यूलच नीट का असू नये? पायथन भाषेतल्या ओएस.वॉक या फोल्डर फिरणाऱ्या फंक्शनला साधा फॉर लूप लावता येतो, पुढचं मागितलं की देतो, ब्रेक म्हटलं की थांबतो. फिरण्याचा ताबा माझ्याकडे राहू द्या, एवढंच म्हणणं आहे. ओपनडिर, रीडडिर ही फोल्डर उघडून वाचणारी पर्लची फंक्शनं घेऊन मी स्वतःच रांग लावून लूप लिहायला घेतलाय. ओळी जास्त होतील, होऊ देत.